शून्य आणि कोरा रकाना : घरच्या सर्व्हरची एक तपासणी

माझे वडील माण तालुक्यातील एका गावी शिक्षक होते, आणि शाळेच्या आवारात बसविलेल्या पर्जन्यमापकातील पाणी रोज सकाळी साडेआठ वाजता मोजून त्याचा आकडा वहीत उतरविण्याचे काम त्यांनी १९५८ पासून १९८९ पर्यंत, म्हणजे ३१ वर्षे, निष्ठेने केले. त्या वहीचा एक नियम होता. पाऊस पडला नसेल तर रकान्यात शून्य लिहावयाचे. आजारपणामुळे किंवा परगावी गेल्यामुळे मोजणी झाली नसेल तर रकाना कोरा ठेवावयाचा. “शून्य म्हणजे मी पाहिले आणि पाणी नव्हते, कोरे म्हणजे मी पाहिलेच नाही. या दोहोंची गल्लत ज्याच्या हातून होते त्याने वही लिहू नये,” असे ते मला सांगत. हा नियम संगणकाच्या कामी मला कधी उपयोगी पडेल असे त्या वयात वाटण्याचे कारण नव्हते; परंतु गेल्या वर्षी तो पडला, आणि तीच हकीकत येथे सांगावयाची आहे.

त्या वह्यांची छायाचित्रे घेऊन, आकडे तक्त्यांत उतरवून, ते सर्व दप्तर मी रास्पबेरी पाय नावाच्या, तळहातावर मावेल एवढ्या संगणकावर ठेवले. पुण्यातील आमच्या घरात पुस्तकांच्या कपाटात तो अहोरात्र चालू असतो. गावच्या शेतकऱ्यांना, शाळेतील मुलांना आणि परदेशी गेलेल्या नातलगांना ती पाने केव्हाही पाहता यावीत, एवढाच हेतू होता. घरातील प्रत्येक फोनवर पाने उघडू लागली, तेव्हा काम तडीस गेले असे समजून मी टोरांटोला असणाऱ्या माझ्या भाच्याला संकेतस्थळाचे नाव कळविले. संध्याकाळी त्याचा फोन आला.

“मामा, पान उघडत नाही. नुसतं चक्र फिरत राहतं आणि शेवटी वेळ संपल्याचं सांगतं.”

“अरे, इथं तर क्षणात उघडतंय.”

“कुठल्या पत्त्यानं उघडताय तुम्ही?”

मी १९२.१६८ ने सुरू होणारा आकडा वाचून दाखविला.

“तो घरातला पत्ता झाला, मामा. त्यानं माझ्याकडं कसं उघडेल?”

घरात उघडते आणि बाहेर उघडत नाही, ही स्वतःचा सर्व्हर चालवू पाहणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाची पहिली फिर्याद असते. तिचे मूळ शोधताना बहुतेक जण जे हाती येईल ते कळसूत्र फिरवतात, एकाच वेळी चार गोष्टी बदलतात, आणि अखेर कशाने काय झाले याचा पत्ता लागत नाही म्हणून नाद सोडून देतात. वस्तुतः हा तपास अवघड नाही. मात्र तो क्रमाने झाला पाहिजे, आणि प्रत्येक पायरीवर आपण काय पाहिले व काय पाहिलेच नाही याची नोंद राहिली पाहिजे.

घरात सर्व्हर ठेवणे हा एखाद्या हौशी माणसाचा विक्षिप्तपणा आहे अशी समजूत आज रूढ झाली आहे, परंतु वेबचा जन्मच मुळी एका माणसाच्या टेबलावर झाला. १९९० च्या अखेरीस जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी जगातील पहिला वेब सर्व्हर नेक्स्ट कंपनीच्या एका संगणकावर चालविला, आणि हे यंत्र सर्व्हर आहे, ते बंद करू नये, अशा अर्थाची तांबड्या शाईने लिहिलेली चिठ्ठी त्या यंत्रावर डकविली. त्या चिठ्ठीत सर्व्हर या शब्दाचा संपूर्ण अर्थ सामावलेला आहे : सदैव जागे राहून, कोणी काही मागितले तर ते देणारे यंत्र. इंटरनेटच्या मूळ कल्पनेत मागणारा आणि देणारा असे दोन वर्ण नव्हते. प्रत्येक यंत्राला पत्ता होता, आणि पत्ता असलेला प्रत्येक जण दोन्ही भूमिका करू शकत होता. ती स्थिती का पालटली, हे पुढे ओघाने येईलच.

टोरांटोत कोणी आपल्या संकेतस्थळाचे नाव टंकले की त्याची विनंती किती उंबरठे ओलांडून आपल्या कपाटापर्यंत पोहोचते, ते प्रथम पाहू. नावावरून अंकी पत्ता शोधून देणारी डीएनएस नावाची जगद्व्यापी नोंदवही आहे. तिची रचना पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ साली मांडली. तेथून मिळालेल्या पत्त्यावर विनंती निघते, ती आपल्या इंटरनेट कंपनीच्या मुलुखात शिरते, आणि तेथून आपल्या घरच्या राउटरपाशी येते. जुन्या वाड्याच्या देवडीवर जसा पहारेकरी बसलेला असे, आणि आलेल्या माणसाला कोणत्या चौकात पाठवावयाचे हे त्यालाच ठाऊक असे, तसा हा राउटर. घरात यंत्रे अनेक, परंतु बाहेरच्या जगाला दिसणारा पत्ता एकच. म्हणून विनंतीवर लिहिलेला पोर्ट क्रमांक पाहून ती कोणाकडे द्यावयाची हे राउटरला ठरवावे लागते. असे क्रमांक ६५,५३५ पर्यंत असतात, आणि त्यांपैकी ८० व ४४३ हे दोन वेबसाठी ठरलेले आहेत. राउटरने विनंती आत सोडली तरी यंत्राचा स्वतःचा पहारा, ज्याला फायरवॉल म्हणतात, पुढे उभा असतो. आणि तोही ओलांडल्यावर अगदी आतल्या खोलीत सर्व्हरचा प्रोग्रॅम त्या क्रमांकावर कान देऊन बसलेला असावा लागतो.

तपास आतल्या खोलीपासून सुरू करावा आणि बाहेर देवडीकडे यावे. कारण उघड आहे : आतला माणूसच झोपलेला असेल तर बाहेरचे सर्व दरवाजे सताड उघडूनही पाहुण्याची भेट व्हावयाची नाही.

पहिली चाचणी त्या यंत्रावरच घ्यावी. यंत्राचा स्वतःपुरता पत्ता १२७.०.०.१ असा असतो. त्या पत्त्यावर पान उघडले तर प्रोग्रॅम जागा आहे. दुसरी चाचणी घरातील दुसऱ्या यंत्रावरून, १९२.१६८ ने सुरू होणाऱ्या आतल्या पत्त्याने घ्यावी. पहिली उत्तीर्ण आणि दुसरी अनुत्तीर्ण झाली तर दोन संशयित उरतात : एक तर प्रोग्रॅम केवळ १२७.०.०.१ वरच ऐकत आहे, म्हणजे स्वतःच्या खोलीबाहेरची हाक त्याला ऐकूच येत नाही. नाहीतर यंत्राची फायरवॉल ती हाक मधेच अडवीत आहे. माझ्याकडे या दोन्ही चाचण्या यशस्वी झाल्या होत्या, आणि तेवढ्यावरच मी सर्व काही ठीक असल्याचा निकाल देऊन बसलो होतो. बाहेरचा रकाना मी तपासला नव्हता. त्यात मनानेच एक आकडा लिहून टाकला होता.

तिसरी चाचणी बाहेरून घ्यावयाची, आणि येथे पुष्कळांची फसगत होते. घरात बसून, घरच्याच वाय-फायवरून, आपल्या संकेतस्थळाचे नाव टंकले म्हणजे बाहेरून पाहिले असे होत नाही. आतून निघून बाहेरच्या पत्त्याला जाऊ पाहणारी विनंती पुन्हा आत वळविणे काही राउटरांना जमते, काहींना जमत नाही. जमले तरी ती विनंती देवडीपासूनच परतलेली असते, आणि न जमले तरी बाहेरच्या वाटेबद्दल त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. यास्तव फोनचे वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावरून पाहावे. मी गच्चीत जाऊन तसे पाहिले. चक्र फिरत राहिले, आणि काही वेळाने वेळ संपली. दोष केवळ टोरांटोकडील जोडणीत नव्हता एवढे त्यावरून कळले.

आता अपयशाचे स्वरूप नीट न्याहाळले पाहिजे, कारण बाहेरून पान न उघडण्याचे दोन अगदी निरनिराळे प्रकार आहेत. एका प्रकारात ब्राउझर तत्काळ सांगतो की जोडणी नाकारली गेली. याचा अर्थ बहुधा असा की विनंती कोणत्यातरी यंत्रापर्यंत पोहोचली, परंतु त्या क्रमांकावर कोणी बसलेले नव्हते, म्हणून यंत्राने स्पष्ट नकार कळविला. दुसऱ्या प्रकारात काहीच परत येत नाही, आणि वाट पाहून ब्राउझर थकतो. याचा अर्थ वाटेतच कोणीतरी विनंती गिळून टाकली, अथवा ती ज्या पत्त्यावर गेली तेथे ऐकणारे कोणी नव्हतेच. नकार आला तर आतल्या खोलीकडे पाहावे. मौन मिळाले तर पहाऱ्यांकडे आणि पत्त्याकडे पाहावे. माझ्या वाट्याला मौन आले होते.

मौनाचा पहिला संशय राउटरवर. अमुक क्रमांकावर आलेली विनंती अमुक आतल्या पत्त्याकडे द्यावी, असा हुकूम राउटरला लिहून द्यावा लागतो. त्याला पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात. तो हुकूम माझ्याकडे होता आणि बिनचूक होता. दुसरा संशय पत्त्यावर. राउटरच्या व्यवस्थापन-पानावर त्याला बाहेरच्या बाजूने मिळालेला पत्ता दिसतो, आणि आपला पत्ता बाहेरच्या जगाला कोणता दिसतो हे सांगणारी संकेतस्थळेही असतात. हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून पाहावेत. ते सारखे असतील तर पत्ता आपला आहे. माझ्या कागदावर ते सारखे नव्हते : बाहेरच्या जगाला एक पत्ता दिसत होता, आणि राउटरकडील पत्ता १००.८१ ने सुरू होत होता. सबंध कोड्याची किल्ली त्या एका आकड्यात होती.

१९८१ साली इंटरनेटच्या पत्त्यांची जी पद्धत लिखित स्वरूपात निश्चित झाली, तिच्यात पत्त्यासाठी ३२ द्विमान अंक राखले होते, आणि त्यामुळे पत्त्यांची एकूण संख्या ४,२९,४९,६७,२९६ एवढीच होऊ शकत होती. त्या काळी ती अपार वाटली असेल, परंतु पृथ्वीवरील माणसांना प्रत्येकी एक पत्तासुद्धा तीत पुरत नाही. तुटवड्याची चाहूल लागल्यावर १९९४ साली एका बाहेरच्या पत्त्यामागे अनेक यंत्रे बसविण्याची, नॅट नावाची युक्ती मांडली गेली, आणि १९९६ साली घरांच्या व कचेऱ्यांच्या अंतर्गत वापरासाठी काही पत्ते कायमचे बाजूला काढून ठेवण्यात आले. आपल्या सर्वांच्या घरी दिसणारे १९२.१६८ हे त्यांपैकीच. ३ फेब्रुवारी २०११ रोजी मध्यवर्ती साठ्यातील शेवटचे मोठे गट पाच प्रादेशिक संस्थांना वाटून झाले, आणि त्याच वर्षी १५ एप्रिलला आशिया-प्रशांत विभागाची, म्हणजे ज्या विभागात भारत येतो त्याची संस्था, एपीनिक, आपल्या अखेरच्या गटापाशी येऊन ठेपली. तेव्हापासून प्रत्येक ग्राहकास स्वतंत्र पत्ता देणे कंपन्यांना परवडेनासे झाले. मग घरात जी युक्ती होती तीच कंपन्यांनी आपल्या पातळीवर योजली : शेकडो घरांमागे एक खरा पत्ता. या व्यवस्थेला सीजीनॅट म्हणतात, आणि तिच्यासाठी २०१२ साली १००.६४.०.० पासून १००.१२७.२५५.२५५ पर्यंतचे पत्ते राखून ठेवले गेले. माझा १००.८१ याच हद्दीतला.

या व्यवस्थेत आपण बाहेर जाऊ शकतो, मागू शकतो, घेऊ शकतो. परंतु बाहेरून कोणी आपल्याकडे येऊ शकत नाही, कारण वेशीवरचा मोठा राउटर कंपनीचा असतो, आणि त्याला आपल्या नावचा हुकूम लिहून देण्याचा अधिकार आपल्याला नसतो. देवडीचे दार उघडून मी पाहुण्याची वाट पाहत होतो, आणि पाहुणा वेशीबाहेरच थांबलेला होता. ज्याला वर मी स्थितीतील पालट म्हटले तो हाच : पत्ते संपले, आणि सामान्य घर हळूहळू केवळ मागणारे होऊन बसले. हे कोणी दुष्ट हेतूने केले नाही, हे खरे. तथापि त्यात काहीतरी मोलाचे गेले, आणि ते गेले हे बहुतेकांच्या लक्षातही आले नाही, याची मला खंत वाटते.

यातून बाहेर पडण्याचे तीन मार्ग आहेत. पहिला, कंपनीकडे अर्ज करून दरमहा काही शुल्क भरून स्वतंत्र स्थिर पत्ता घेणे. पत्ता खरा पण वरचेवर बदलणारा मिळाला, तर बदल होताच डीएनएसमधील नोंद आपोआप दुरुस्त करणाऱ्या डायनॅमिक डीएनएसची जोड द्यावी लागते. दुसरा मार्ग आयपीव्ही६ चा. १९९८ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झालेल्या या पद्धतीत पत्ता १२८ द्विमान अंकांचा असतो, त्यामुळे घरातील प्रत्येक यंत्राला खराखुरा पत्ता मिळू शकतो आणि नॅटची गरज उरत नाही. भारतातील मोबाइल जाळ्यांत तो आज मोठ्या प्रमाणावर वापरात आहे. मात्र राउटरच्या फायरवॉलमध्ये परवानगी द्यावी लागते, आणि पाहणाऱ्याकडेही तीच सोय असावी लागते. तिसरा मार्ग बोगद्याचा : आपल्या यंत्राने आतून बाहेर जाऊन दुसऱ्या एखाद्या यंत्राशी कायमची जोडणी धरून ठेवावी, आणि पाहुण्यांनी त्या यंत्राच्या दारातून यावे. हा मार्ग सोपा आणि सुरक्षित आहे, परंतु दार दुसऱ्याच्या मालकीचे राहते. मी पहिला मार्ग पत्करला.

अर्ज मंजूर व्हावयास आठ दिवस लागले. नवा पत्ता आला, राउटरवर दिसू लागला, डीएनएसमधील नोंद बदलली. जुनी नोंद ठिकठिकाणच्या स्मृतीत ठरावीक मुदतीपर्यंत टिकून राहते, म्हणून ती मुदत संपण्याची वाट पाहिली. आणि मग गच्चीत जाऊन वाय-फाय बंद करून पाहिले. पुन्हा तेच मौन. अशा वेळी निदानच चुकले होते, पत्त्याचा खर्च व्यर्थ गेला, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु एकामागे एक असे दोन दोष असू शकतात, आणि पहिला दूर झाल्याने बाहेरून काहीच फरक दिसत नाही, कारण दुसरा तसाच उभा असतो.

म्हणून मी यंत्रावर टीसीपीडम्प हा प्रोग्रॅम लावून बसलो. १९८८ साली अमेरिकेतील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत तयार झालेले हे साधन यंत्राच्या उंबरठ्यावर येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक पॅकेटची, म्हणजे माहितीच्या प्रत्येक तुकड्याची, ओळ पडद्यावर लिहिते. देवडीवरच्या कारकुनाची जणू आवक-जावक वहीच. मी फोनवर पान उघडू लागलो आणि पडद्याकडे पाहत राहिलो. एकही ओळ उमटली नाही. हे शून्य होते, कोरा रकाना नव्हता : मी पाहिले होते, आणि काही आले नव्हते. विनंती यंत्रापर्यंत येतच नसेल तर दोष यंत्राच्या अलीकडे, म्हणजे बहुधा राउटरपाशी. राउटरमधील हुकूम १९२.१६८.१.२३ या पत्त्याकडे बोट दाखवीत होता. यंत्राचा पत्ता विचारला, तर तो होता १९२.१६८.१.३१. मधल्या आठवड्यात एकदा वीज गेली होती, आणि ती परत आल्यावर राउटरने यंत्राला नवा अंतर्गत पत्ता देऊन टाकला होता. पोर्ट फॉरवर्डिंगची तपासणी मी केली होती हे खरे, पण ती आठवड्यापूर्वीची. कालच्या मोजणीवर आजचा पाऊस लिहिता येत नाही. यंत्रासाठी एक अंतर्गत पत्ता राउटरमध्ये कायमचा राखून ठेवला, हुकूम दुरुस्त केला, आणि भाच्याला फोन लावला.

“आता बघ.”

पडद्यावर एक ओळ उमटली : टोरांटोहून आलेली हाक. तिच्या पाठोपाठ, डोळ्याचे पाते लवायच्या आत, माझ्या यंत्राचे उत्तर. मग सुमारे पाव सेकंदाचा अवकाश, कारण उत्तराला समुद्रापलीकडे जाऊन पोच घेऊन परतावयाचे होते; आणि तिसरी ओळ, ती पोच. या तीन ओळींनी बहुतेक वेब-संभाषणांचा आरंभ होतो, आणि त्या एका खोलीत बसून प्रत्यक्ष उमटताना पाहणे यात जो आनंद आहे तो मी शब्दांत सांगू शकत नाही.

दार उघडले म्हणजे जबाबदारीही आली. त्याच रात्रीच्या नोंदींत अनोळखी पत्त्यांवरून आलेल्या, माझ्या यंत्रावर नसलेल्या वर्डप्रेस या संकेतस्थळे चालविणाऱ्या प्रोग्रॅमचे प्रवेश-पान शोधणाऱ्या हाका दिसल्या. सर्व पत्त्यांचे दरवाजे ठोठावीत फिरणारे स्वयंचलित प्रोग्रॅम असतात. त्यांचा आपल्यावर व्यक्तिगत रोष नसतो, पण कडी सैल असेल तर ते आत शिरतात. यास्तव ८० आणि ४४३ एवढेच क्रमांक उघडावेत. राउटरचे व्यवस्थापन-पान बाहेरून कदापि उघडे ठेवू नये. कंटाळून डीएमझेड नावाची, एका यंत्राचे सर्व दरवाजे एकदम उघडणारी सोय वापरू नये. कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा, आणि प्रोग्रॅम अद्ययावत ठेवावेत. ४४३ साठी लागणारे प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था विनामूल्य देते. परंतु त्याचे नूतनीकरण करताना तिची खातरजमा अनेकदा ८० वरून होते, आणि काही कंपन्या घरगुती जोडणीवर तो क्रमांक अडवून ठेवतात, म्हणून तेही तपासावे. कंपनीच्या करारात घरी सर्व्हर चालविण्यास मनाई नाही ना, हे तर अर्ज करण्यापूर्वीच वाचावे.

आता कपाटात त्या यंत्राशेजारी मी एक साधी वही ठेवली आहे. तिच्यात तारीख, कोठून पाहिले, काय दिसले, आणि त्यानंतर कोणती एकच गोष्ट बदलली, असे रकाने आहेत. वडिलांच्या वहीसारखीच ती आखली आहे.

त्या दिवशी फोन चालू असतानाच भाचा पाने उलटीत होता. १९७२ च्या दुष्काळाचे वर्ष त्याने उघडले. शून्याखाली शून्य असा पावसाळ्याचा स्तंभ होता, आणि ऑगस्टमध्ये एका ठिकाणी तीन घरे रिकामी होती.

“मामा, ही तीन कोरी का?”

“आजोबा त्या तीन दिवशी गावात नव्हते.”

“पण पाऊस तर नव्हताच ना तेव्हा?”

नव्हता. साऱ्या तालुक्याला ते ठाऊक होते, आणि परत आल्यावर त्यांना कोणीही सांगितले असते. तरीही त्यांनी तेथे शून्य लिहिले नाही.